दिसणे आणि हाती येणे

घरच्या मेजावर बसून कचेरीतील संगणक चालविणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. 2020 च्या टाळेबंदीत असंख्य कर्मचाऱ्यांनी तेच केले. दूरच्या यंत्राचा पडदा इकडच्या पडद्यावर उमटतो, माऊस हलवावा तसा तिकडचा बाण हलतो, आणि ते यंत्र जणू घरीच आले असे वाटू लागते. परंतु तेथे तयार केलेला अहवाल घरच्या छपाईयंत्रावर काढावा म्हणून शोधू गेल्यास तो घरच्या संगणकात सापडत नाही. तो कचेरीतच राहिलेला असतो.

यात यंत्राचा दोष नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये तिकडून येते ते मुख्यतः पडद्याचे चित्र, आणि इकडून जातात त्या कळफलकाच्या व माऊसच्या आज्ञा. फाईल नेणे हे निराळे काम, आणि त्याचे नियमही आधीच सिद्ध झाले होते. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर अभय भूषण यांनी, अमेरिकेत एमआयटीत असताना, एप्रिल 1971 मध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. मायक्रोसॉफ्टची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली ती 1998 मध्ये.

पुढे या चित्राच्या वाटेशेजारीच फाईलसाठी वाट करून देण्यात आली. विंडोजमध्ये तिचे दोन प्रकार आहेत. एक क्लिपबोर्डचा: एका यंत्रावर फाईलची नक्कल घ्यावी आणि दुसऱ्यावर ती उतरवावी. दुसरा ड्राइव्हचा: जोडणी करण्यापूर्वी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये आपला ड्राइव्ह निवडावा, म्हणजे तो दूरच्या यंत्रावर तेथल्याच ड्राइव्हसारखा दिसू लागतो. लहानसहान कागदांना पहिली रीत पुरते. मोठ्या फाईलींचा भार मात्र चित्र आणणाऱ्या जोडणीवरच पडतो आणि पडदा अडखळू लागतो. अशा वेळी एसएफटीपीसारखा स्वतंत्र मार्ग बरा. फाईल पोचल्यावर दोन्हीकडील आकार ताडून पाहावा, आणि मगच मूळ प्रत पुसावी.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ड्राइव्ह खुला केला, की ते दार दोन्ही बाजूंनी उघडते. कचेरीतील फाईल घरी येऊ शकते, तशीच घरातील फाईल तिकडचे यंत्रही वाचू शकते. ते यंत्र दूषित असेल तर रोगही त्याच वाटेने येतो. म्हणूनच पुष्कळ कचेऱ्यांत ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. कर्मचाऱ्याला तो जाच वाटतो. पण त्या फाईलींत नागरिकांची नावे, पत्ते आणि उत्पन्नाचे तपशील असतात.

या अनुमतीचे मोल सामान्य माणसालाही जाणून घ्यावे लागते. दूरनियंत्रणाचे एक ॲप उतरवून घ्यायला लावून ग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये बँकांना दिला होता. तेथे कुलूप कोणी फोडले नव्हते. परवानगी ग्राहकाकडूनच मिळविली जात होती.

तेव्हा संपूर्ण ड्राइव्ह खुला करण्यापेक्षा, जेथे सोय असेल तेथे, हवी तेवढीच फाईल द्यावी, आणि काम होताच जोडणी तोडावी. अनोळखी माणसाने मागितलेली अनुमती तर देऊच नये.