चारशेदोनची आजी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरीकाकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू 'सोसायटीच्या जडणघडणीत ज्येष्ठांचे योगदान' या विषयावर बोल. सात मिनिटं." मी म्हटलं, काका, योगदान वगैरे मला जमायचं नाही, मी आमच्या आजीबद्दल बोलू का? काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "बोल. पण ते वाळवणाचं काढू नकोस." तर मी वाळवणापासूनच सुरुवात करते.

नव्या रहिवाशांसाठी थोडं सांगायला हवं. १९९९ साली आपली सोसायटी रजिस्टर झाली आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही इथे राहायला आलो. मी तेव्हा नऊ वर्षांची. आजी सत्तर. ती राजापूर तालुक्यातली. तिथल्या घरात आजोबांच्या मागे ती एकटीच राहायची. कोकण रेल्वे नुकतीच पुरती सुरू झालेली, त्यामुळे बाबांना "आता काय, सकाळी निघालं की संध्याकाळी घर" असं सांगून तिला आणता आलं. येताना तिने बरोबर काय आणलं? पाटा-वरवंटा. रेल्वेतून. बाबांची पाठ त्यानंतर आठ दिवस धरलेली होती.

फ्लॅटचे पैसे थोडे कमी पडत होते, तेव्हा आजीने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही असा तिचा दंडक होता. स्वतः मात्र ती सगळ्यांना सांगायची. पुढे शेअर सर्टिफिकेट आलं. बाबांनी ते कौतुकाने देवापुढे ठेवलं. आजीने चष्मा लावून ते वाचलं, पन्नास रुपयांचे पाच शेअर. "म्हणजे माझ्या पाटल्या गेल्या आणि आला काय, तर अडीचशे रुपयांचा कागद?" बाबा तिला सहकारी संस्था म्हणजे काय ते अर्धा तास समजावत होते. तिने शेवटी एवढंच विचारलं, "मग गच्ची कुणाची?" बाबा म्हणाले, "सगळ्यांची." "हां," आजी म्हणाली, "म्हणजे माझीही."

आणि पहिल्याच मे महिन्यात आपल्या गच्चीचं खळं झालं. पोह्याचे पापड, मिरगुंडं, सांडगी मिरच्या, आमसुलं, आणि गावाहून आलेल्या बरक्या फणसाचा रस काढून ताटांत पसरलेली साठं. कावळ्यांसाठी एक मोडकी काळी छत्री उघडून टाकीच्या पाइपला बांधलेली. राखणीला मी, हातात काठी घेऊन, पगार रोज दोन पापडाच्या लाट्या. शिवाय वॉचमनलाही तिने कामाला लावलं होतं. तिचं हिंदी ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवत असेल. "भय्या, मैं जरा पडत्ये, कावळा आया तो हाकलो हां." आणि तो बिचारा हाकलायचा.

दुसऱ्या वर्षी टाकी साफ करायला आलेल्या माणसाचा पाय साठाच्या ताटात पडला. तो घसरला, ताट गेलं, आजीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग त्याच्या गुडघ्याला हळद लावली. चार दिवसांनी फलकावर नोटीस लागली. "गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे." आजीने नोटीस वाचली, फलकावरून काढली, घडी घालून पोलक्यात ठेवली आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहत बसली.

त्या सभेला मी होते, खिडकीबाहेर. आजी पहिल्या रांगेत वाती वळत बसली होती. सभासद नसलेल्यांना बोलता येणार नाही, असं तत्कालीन अध्यक्षांनी अगदी नम्रपणे सांगितलं. आजी म्हणाली, "माझ्या पाटल्या या इमारतीच्या भिंतीत आहेत. कुठल्या भिंतीत ते तुम्ही दाखवा, मी तिथे उभी राहून बोलत्ये." सभा पाच मिनिटं हसत होती. मग ठराव झाला. एप्रिल आणि मे महिन्यांत, सकाळी नऊ ते दुपारी चार, टाकीपासून दहा फूट अंतर राखून वाळवण घालण्यास हरकत नाही. सूचक आमचे बाबा, मान खाली घालून. अनुमोदक तीनशेदोनचे काका. हे मी ऐकीव सांगत नाहीये, मागच्या आठवड्यात सेक्रेटरीकाकांकडून इतिवृत्ताची वही मागून वाचली.

लिफ्टचंही सांगायलाच हवं. आपली जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट. दार नीट लागलं नाही की आतून एक बाई बोलायची, कृपया दरवाजा बंद कीजिए. आजी तिला दर वेळी उत्तर द्यायची, "करत्ये गो बाई, जरा दम धर." आम्ही हसायचो. तिला यंत्र कळत नव्हतं असं मुळीच नाही. ती म्हणायची, "इतकी विनवत्येय, तर माणसाने ओ द्यायला नको?" फडके रोडवर पहिल्या दिवाळीच्या पहाटे तिला नेली होती, ती गर्दी पाहून म्हणाली, "एवढी माणसं, आणि माझ्या ओळखीचं एकही नाही?" पुढच्या दिवाळीला ती तिथे दर दहा पावलांना थांबत होती. आम्हीच कंटाळून पुढे निघून आलो.

आता २६ जुलै. २००५, मंगळवार. सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आपल्याला नंतर पेपरात कळलं. त्या संध्याकाळी आपल्याला एवढंच कळत होतं की गाड्या बंद आहेत, वीज नाही, फोन लागत नाहीत आणि अर्धी सोसायटी मुंबईत अडकली आहे. आजीने काय केलं? मेणबत्ती घेऊन ती जिन्याने दोन्ही विंगचे सगळे मजले फिरली. छहात्तराव्या वर्षी. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "तुमचं कोण यायचंय?" आणि प्रत्येक माणसाचा एक चिंचोका तिने ओच्यात टाकला. तेवीस झाले. ते वाटीत घालून देवापुढे ठेवले. मग कुळथाचं पिठलं आणि भात, जो दार वाजवील त्याला. रात्री दोनला पहिला माणूस रुळांवरून चालत आला, तो भिजलेला तसाच वर आला, म्हणाला, "आजी, माझा काढा." तिने एक चिंचोका काढून त्याच्या हातात दिला. ते काका आज इथे बसलेत. तो चिंचोका अजून त्यांच्या पाकिटात आहे, मला मघाशी दाखवला.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आईच्या डोळ्याला पाणी, माझी रडारड. आजी म्हणाली, "आलास ना? मग पाय धू," आणि चपला घालून खाली निघाली. कारण वाटीत अजून एक उरला होता. तीनशेदोनचे काका. काकूंकडे तेव्हा दीड वर्षाचं बाळ. आजी त्यांच्याकडे गेली ती रात्रभर तिथेच राहिली. काका २८ तारखेला सकाळी आले. त्या रात्री दोघी काय बोलल्या ते दोघींपैकी कोणी कधी सांगितलं नाही. आजीला मी विचारलं होतं, तर म्हणाली, "बोलायचंय काय? झब्बू खेळलो." आजी झब्बूत पानं लपवायची, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे.

यानंतरचं मी घरी लिहून काढलं, तेव्हा आई म्हणाली, हे सांगायलाच हवं का? मग थोड्या वेळाने म्हणाली, सांग.

२००९च्या सुमाराला आजी विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द सांगितला. आजी म्हणाली, "असेल. नाव तरी चांगलं ठेवलंन्." एक दिवस ती कोणाला न सांगता स्टेशनवर गेली आणि तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. राजापूरचं तिकीट हवं होतं. बी विंगमधल्या एका ताईने ओळखून परत आणली. पिशवीत दोन लुगडी, जपाची माळ आणि टीव्हीचा रिमोट.

पुढच्याच आठवड्यात आईला तासाभरासाठी बँकेत जायचं होतं. घरात कोणी नव्हतं. आईने बाहेरून कुलूप लावलं. आमचं तसं आदल्या रात्रीच ठरलं होतं, आणि मीही "हो, तेच बरं" म्हटलं होतं. आई गेली आणि आजी दाराशी आली. दार उघडेना. तिने खिडकीच्या ग्रिलला धरून खाली हाक मारली, "भय्या, मैं अडक्या! दार उघडो!" खाली मुलं खेळत होती, ती हसली. मुलांचा काय दोष, ऐकायला ते गमतीचंच होतं. मग तिने बाबांना त्यांच्या लहानपणच्या नावाने हाका मारल्या. मग कुणालाच नाही, नुसतीच.

आई परतली तेव्हा तीनशेदोनच्या काकू आमच्या दारासमोर पायरीवर बसून दाराशी बोलत होत्या. पाऊण तास. आतून आजी सांगत होती की राजापूरला गंगा आली आहे, उन्हाळ्याला जायला हवं, आणि काकू बाहेरून विचारत होत्या की बरोबर काय काय घ्यायचं. आईने कुलूप काढलं. काकू आईला एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एक किल्ली माझ्याकडे असू द्या." कुलूप पुन्हा लागलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी काकू वर येऊन आजीला घेऊन जायच्या, नाहीतर आजीच लिफ्टने उतरायची. आई इंटरकॉमवर विचारायची, "तिकडेच आहेत ना?" "हो, चहा घेतोय." पाचच्या सुमाराला दोघी वर यायच्या. दार उघडलं की आजी आईला म्हणायची, "ह्यांना सोडायला आल्ये." आणि आई, दिवसभर दमलेली, म्हणायची, "अहो आई, तुम्ही नाही, त्या तुम्हाला सोडायला आल्यात. हे आपलं घर." मीही म्हणायचे. कधी कधी जरा चढ्या आवाजात. आजी गोंधळून काकूंकडे बघायची. काकू काही बोलायच्या नाहीत.

२०१३च्या जानेवारीत आजी गेली. तेराव्याला सगळे निघून गेल्यावर काकू मागे थांबल्या आणि तेव्हा आम्हाला कळलं.

आपल्या बिल्डरने सगळे फ्लॅट एका मापाचे बांधले. तीनशेदोन आणि चारशेदोन, दारं तीच, ओटा तिथेच, खिडकी तिथेच. आजीला तीनशेदोन हे आपलं घर वाटायचं, आणि काकू पाहुण्या. ज्या काकूंना बारा वर्षं 'गो' म्हटलं त्यांना ती 'अहो' म्हणायला लागली. "अहो, बसा ना. चहा घेता?" काकू म्हणायच्या, "अर्धा कप." मग आजी ओट्याशी जायची, तिथे काय करायचं ते विसरायची, आणि काकू "मी मदत करते" म्हणून स्वतःच्या घरात चहा टाकायच्या. "मुलं येतीलच इतक्यात," आजी सांगायची, "ओळख करून देत्ये. नात माझी हुशार आहे, पण जरा तोंडाळ." मिठाची बरणी तिला उजवीकडे चालायची नाही. ती रोज डावीकडे सरकवायची. सहा-सात दिवसांनी काकूंनी ती परत उजवीकडे न्यायचं सोडून दिलं.

पाच वाजले की तिला वर न्यायचं कसं? "आजी, घरी चला" म्हटलं तर ती बिथरायची, ती घरीच तर होती. मग काकूंना एक दिवस सुचलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी निघते आता. मला जरा घरापर्यंत सोबत कराल?" आजीने आयुष्यात कधी पाहुण्याला एकटं जाऊ दिलं नव्हतं. गावी बेड्यापर्यंत सोडायला जायची. ती लगेच उठायची. लिफ्टमध्ये दार नीट लागायचं नाही, ती बाई बोलायची, आजी तिला ओ द्यायची. चौथ्या मजल्यावर आमचं दार उघडायचं, आजी सांगायची, ह्यांना सोडायला आल्ये. आणि आम्ही तिला रोज चूक काढून दाखवत होतो.

आईने काकूंना विचारलं, "तुम्ही एकदाही सांगितलं का नाहीत?" काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही ओशाळला असतात. आणि मला चहाला सोबत होती."

तीनशेदोनमध्ये मिठाची बरणी अजून डावीकडे आहे, मी कालच पाहिली. वाळवणाचा ठरावही अजून रद्द झालेला नाही, सेक्रेटरीकाका, तेही मी तपासलंय. येत्या मे महिन्यात माझी मुलगी काठी घेऊन गच्चीवर बसणार आहे, तेव्हा टाकी साफ करणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

सात मिनिटं केव्हाच झाली. घंटा वाजवायला ठेवलेला मुलगा घंटा वाजवायची विसरलाय, त्याबद्दल त्याचे आभार. काकूंनी मघाशी खुणेने सांगितलंय, खाली उतरलीस की घरी ये. येते हं काकू. अर्धा कप.