रक्तातील मद्यार्क आणि न्यायाची कसोटी



नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ७, केळापूर तालुक्यातून जातो. करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ही गावे मागे टाकून तो पैनगंगेपलीकडे तेलंगणात शिरतो. या रस्त्यावर अपघात झाला की सर्वांत आधी धावतात ते गावकरी. आणि चालकाच्या तोंडाला वास आला की 'प्यायलेला आहे' हा निकालही तेथेच लागतो. न्यायालयाला मात्र केवळ वास पुरत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि तो रक्तात असतो.

मुंबई राज्याच्या काळापासून हा प्रश्न न्यायालयांपुढे आहे. बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून चालक नशेत होता असे निश्चितपणे म्हणता येत नाही. रक्ताच्या पृथक्करणाचा अहवाल न्यायालयापुढे आलाच नव्हता. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

या भूमिकेमागे शास्त्र आहे. डोक्याला मार बसलेला किंवा रक्तातील साखर एकाएकी उतरलेला माणूसही अडखळतो, बरळतो. त्याला दारुडा समजून बाजूला बसवून ठेवले तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून संशयित चालकाला प्रथम वैद्यकीय तपासणी मिळणे हे त्याच्याही हिताचे आणि न्यायाच्याही.

मद्यार्क जठरातून व मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात मिसळतो. रिकाम्या पोटी तो लवकर चढतो, जेवणानंतर सावकाश. पुढे यकृत त्याचे ज्वलन करते. साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम मद्यार्क कमी होतो. पण व्यक्तिपरत्वे हा वेग १० ते २५ पर्यंत बदलतो. समजा, अपघातानंतर तीन तासांनी घेतलेल्या रक्तात २८ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. मागे हिशेब केला तर अपघातसमयी तो ५८ असू शकेल, तसाच १०३ ही असू शकेल. शेवटचा पेला अपघाताच्या थोडाच आधी घेतला असेल, तर तो त्याहून कमीही असेल. उशिरा घेतलेला नमुना आरोपी आणि फिर्यादी या दोघांनाही अंधारात ठेवतो, तो असा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, २०१९ च्या दुरुस्तीने ठरविलेला दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा गुन्ह्यात अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर तिला सोडून द्यावे लागते. श्वासाचे यंत्र २१०० मिलिलिटर श्वासात १ मिलिलिटर रक्ताइतका मद्यार्क असतो असे गृहीत धरते. हे प्रमाण सर्वांत सारखे नसते. शिवाय नुकताच घोट घेतला असेल किंवा ढेकर आला असेल, तर तोंडातील मद्यार्काने आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबून चाचणी घेणे शास्त्रशुद्ध ठरते.

रक्त घेण्याची पद्धत १९५९ च्या मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी) नियमांत सांगितली आहे. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी, स्पिरिटचा स्पर्शही होऊ देऊ नये. पाच घन सेंटिमीटर रक्त गोठणरोधक व परिरक्षक असलेल्या कुपीत घालून ती नीट हलवावी, मोहोरबंद करावी. परिरक्षक कमी पडले तर विदर्भाच्या उन्हाळ्यात सूक्ष्म जंतू रक्तातील साखरेपासून कुपीतच मद्यार्क तयार करू शकतात; बूच सैल असेल तर असलेला मद्यार्क उडून जातो. बचावाचा वकील नेमके हेच विचारतो : नमुना कोणी घेतला, मोहोर कोणी लावली, कुपी कोठे ठेवली, प्रयोगशाळेत केव्हा पोचली? या प्रश्नांना पळवाट म्हणणे योग्य नव्हे. निरपराध माणसाला वाचविणारेही तेच प्रश्न आहेत.

पुरावा नीट ठेवला तर तो टिकतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात जण मोटारीखाली मृत्यू पावले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली.

सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांनी यातून काय घ्यावे? अपघाताची वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवावी. जखमींबरोबर चालकालाही विनाविलंब रुग्णालयात पोचवावे. त्याला मारहाण होऊ देऊ नये. अपघातानंतर तो काही प्याला का, हे ध्यानात ठेवावे. कारण 'घाबरून नंतर प्यालो' हा बचाव पुढे येऊ शकतो. रस्त्यावर ज्याचा माणूस गेला त्या कुटुंबाला आणि ज्याच्यावर आरोप आला त्या चालकाला, दोघांनाही, दुधाचे दूध व पाण्याचे पाणी झालेले हवे असते. त्या न्यायाची सुरुवात गावातील माणसाने टिपून ठेवलेल्या वेळेपासून होते.