एका कॅमेऱ्याची वाहिनी



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर इंटरनेटवरील संगीतवाहिनीचा विषय यावा, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु ज्यांचे शब्द कोणी छापीत नाही, त्यांच्या शब्दांना घर कोठे मिळावे, हा प्रश्न ग्रंथालयाच्या आस्थेबाहेरचा खचितच नव्हे. लंडनमधील एका शाळकरी मुलाने २००६ साली या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. त्याचे नाव जमाल एडवर्ड्‌स आणि त्याच्या वाहिनीचे नाव ‘एसबी.टीव्ही’.

जमालचा जन्म १९९० चा. पश्चिम लंडनमधील ॲक्टन या भागातील एका सार्वजनिक वसाहतीत तो वाढला. त्याच्या मातुःश्री ब्रेंडा एडवर्ड्‌स या गायिका. २००५ साली ‘द एक्स फॅक्टर’ या दूरचित्रवाणीवरील गाजलेल्या गायनस्पर्धेत त्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या होत्या. मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्यांनी नाताळची भेट म्हणून त्याला एक व्हिडिओ कॅमेरा दिला. आरंभी त्याने घरामागच्या बागेत येणाऱ्या कोल्ह्यांचे चित्रण केले. पुढे कॅमेरा मित्रांकडे वळला, आणि हे मित्र ‘ग्राइम’ म्हणणारे होते.

ग्राइम हा रॅपचा लंडनी भाऊबंद. चालू शतकाच्या आरंभी पूर्व लंडनच्या वस्त्यांत तो जन्मला. मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांची द्रुत लय, तीवर अखंड चालणारे शब्द, आणि ते म्हणणारे बहुतांशी कृष्णवर्णीय तरुण. प्रतिस्पर्ध्यावर शब्दांनीच मात करण्याची त्यातली ईर्षा आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या फडांना परकी वाटली नसती. डिझी रास्कल या तरुणाला २००३ साली मर्क्युरी पारितोषिक मिळाले खरे. पण एका कोकिळेने वसंत येत नसतो. इतरांना आधार होता तो विनापरवाना चालणाऱ्या नभोवाणी केंद्रांचा, हातोहात विकल्या जाणाऱ्या डीव्हीडींचा आणि ‘चॅनल यू’ नावाच्या एका छोट्या उपग्रहवाहिनीचा.

त्यातच २००५ साली लंडनच्या पोलिसांनी ‘फॉर्म ६९६’ आणला. कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक आधी कळवायचे. आरंभीच्या नमुन्यात तर श्रोते कोणत्या वंशाचे असतील, हीदेखील पृच्छा होती! परिणामी ग्राइमचे कार्यक्रम रद्द होऊ लागले. ‘कीचकवधा’वरील १९१० ची बंदी ज्यांच्या वाचनात आहे, त्यांना अशा कागदाची जात ओळखावयास वेळ लागू नये. शांतता राखण्याच्या नावाखाली सभागृहाचे दार लावून घेता येते, ही युक्ती जुनीच आहे.

सभागृह बंद, मोठी दूरचित्रवाणी उदासीन. अशा वेळी जमालने रस्त्यालाच स्टुडिओ केले. उपग्रहवाहिनी काढावयाची म्हणजे परवाना, प्रक्षेपणाचे भाडे, कर्मचारी असा मोठा खटाटोप. २००५ साली निघालेल्या यूट्यूबने चित्रफीत जगापुढे मांडण्याचा हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. मात्र फुकट जागा मिळाली म्हणजे वाहिनी झाली, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. त्या काळी चित्रफिती कितीतरी जणांनी टाकल्या. वाहिनी थोड्यांचीच झाली. नियम, नाव आणि निवड या तिन्हींच्या बळावर ती उभी राहते.

नाव त्याने स्वतःच्याच टोपणनावावरून घेतले. ‘स्मोकी बार्झ’ या त्याच्या रॅपमधील नावाची आद्याक्षरे म्हणजे एसबी. नियम होता ‘एफ ६४’ या मालिकेचा. आलेल्याने ६४ मात्राखंडांचे, म्हणजे रॅपच्या हिशेबात ‘बार्स’चे, ताजे काव्य कॅमेऱ्यापुढे म्हणावयाचे. त्यात चकचकीत नेपथ्य नाही की नर्तिका नाहीत. मर्यादा कलेला कशी घडविते, याचे नाते थेट १९०२ शी जोडता येते. त्या वर्षी कलकत्त्यात गौहरजानने ग्रामोफोनसाठी गायिले, तेव्हा तासाभराचा राग तीनेक मिनिटांत बसवावा लागला. आणि तबकडी परदेशात तयार होणार, म्हणून शेवटी गायिकेने स्वतःचे नाव उच्चारण्याची पद्धत पडली. ‘मी अमुक’ असे यंत्राला सांगावे लागणे, यात कलावंताच्या एकाकीपणाची केवढी खूण आहे!

निवडीची कसोटी २०१० साली लागली. गिटार घेतलेला एक तांबूस केसांचा गोरा तरुण या वाहिनीवर गायला. तो एड शीरन. ग्राइमशी त्याच्या संगीताचे नाते दूरचे. वाहिनीचा नित्याचा श्रोता बिथरण्याचा संभव होता. जमालने तरीही त्याला स्थान दिले. अन्य कोणत्याही गोष्टीपेक्षा या निर्णयावरून त्याच्या संपादकीय दृष्टीची पारख होते. पुढे शीरन जगद्विख्यात झाला, म्हणून हा निर्णय आज सोपा भासतो इतकेच.

२०११ साली गूगलने आपल्या क्रोम या ब्राउझरच्या जाहिरातीत जमालचीच कहाणी दाखविली. यूट्यूब तोवर गूगलच्या मालकीचे झाले होते. येथे स्वतंत्र या शब्दाची अडचण उघडी पडते. कोणाला गाऊ द्यावे, हे ठरविण्यास जमाल मोकळा होता. परंतु फडताळ दुसऱ्याचे होते. जाहिरातीच्या उत्पन्नाचा वाटा आणि चित्रफीत ठेवण्याच्या अटी घरमालकाने ठरवावयाच्या. ग्रंथालयातील पुस्तकास कसर लागते, पाने पिवळी पडतात; पण दूर कॅलिफोर्नियात कोणी नियम बदलला म्हणून पुस्तक कपाटातून नाहीसे होत नाही. एका पिढीचे मौखिक काव्य अशा परक्या फडताळात साठलेले आहे, ही गोष्ट ग्रंथपालांना तरी अस्वस्थ करील.

पंचविशीच्या आतच जमालला एमबीई हा किताब मिळाला. पुढे ॲक्टनमध्येच तरुणांसाठी केंद्रे उघडण्याच्या कामास तो लागला. ‘फॉर्म ६९६’ पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मागे घेतला. ज्यांना दार बंद होते, ते तोवर सभागृहे भरवू लागले होते. २० फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, जमालचे निधन झाले. ॲक्टनमध्ये एका भिंतीवर त्याचे चित्र रंगविलेले होते. लोक आपण होऊन तेथे जमले आणि त्या भिंतीशी फुले ठेवून गेले.