सिव्हिलला जायचे, पण कोणत्या वाटेने?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दहावीचा निकाल लागला की "मुलाला सिव्हिलला घालू" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यातून हमखास ऐकू येते. त्याला कारणही आहे. आपल्या कितीतरी घरांतील माणसे आखाती देशांत इमारतींच्या व रस्त्यांच्या कामांवर राबली. त्यांनी साइटवरील इंजिनिअरचा मान पाहिला आणि आपल्या मुलाने त्या जागी उभे राहावे असे त्यांना वाटले. ही इच्छा योग्यच आहे. परंतु सिव्हिल हे एकच काम नव्हे. त्यात अनेक कामे आहेत, आणि एक आवडणाऱ्याला दुसरे नकोसे होऊ शकते. म्हणून फी भरण्यापूर्वी, कर्ज काढण्यापूर्वी मुलाचा ओढा कोणत्या कामाकडे आहे हे पारखून घ्यावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

उदाहरण आपल्या कोकण रेल्वेचे घेऊ. रोह्यापासून मंगळूरकडे जाणारा हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. गाडीत बसल्यावर आपल्याला फक्त रूळ दिसतात. परंतु त्यांच्यामागे निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांचे श्रम आहेत. प्रथम डोंगरदऱ्या तुडवून मार्गाची आखणी करणारे सर्व्हेअर आले. उन्हातान्हात हिंडण्याची हौस आणि मोजमापातील काटेकोरपणा, दोन्ही ज्याच्याजवळ आहेत त्याचे हे काम. रत्नागिरीजवळ पानवलचा सुमारे ६४ मीटर उंच पूल आहे. त्याचे खांब किती जाड असावेत, सळई किती घालावी, वारा आणि गाडीचा भार कसा पेलावा हे ठरवतो तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याचा बराचसा दिवस टेबलापाशी, गणितात आणि संगणकावर जातो. गोव्यातील पेडणे येथील बोगद्यात भुसभुशीत ओल्या मातीने काम कित्येक वर्षे अडवून धरले. तेथे माती व खडक यांचा जाणकार लागतो. आणि माणसे, यंत्रे, सिमेंट यांचा मेळ घालून ठरल्या वेळेत काम उरकून घेणारा आणखी वेगळा. त्याच्याजवळ गणिताइतकीच माणसे सांभाळण्याची हातोटी हवी.

याखेरीज धरणे व कालवे, गावाचा पाणीपुरवठा, सांडपाण्याचा निचरा, रस्ते व वाहतूक या शाखा आहेतच. नकाशावरून विटा, काँक्रीट, सळई यांचा हिशेब काढून खर्च ठरवणारा क्वांटिटी सर्व्हेअर हाही एक स्वतंत्र पेशा आहे. आखातात गेलेल्यांना त्याची चांगली माहिती असेल.

मग आपली आवड ओळखावी कशी? विद्यार्थी मित्रहो, एक सोपा उपाय सांगतो. ओळखीच्या गवंड्याला किंवा ठेकेदाराला विचारून, डोक्यावर हेल्मेट घालून, एक संपूर्ण दिवस बांधकामावर काढा. स्लॅब भरताना पाहून तुमच्या मनात कोणता प्रश्न आधी येतो तो वहीत लिहा. "हा भार कसा पेलला जातो?" असा प्रश्न आला तर स्ट्रक्चरकडे वळा. "खाली जमीन कशी आहे?" असे वाटले तर माती-खडकाकडे. "पाणी जाणार कोठे?" तर जलव्यवस्थेकडे. "एवढी माणसे कोण हाकतो?" तर बांधकाम व्यवस्थापनाकडे. "खर्च किती आला?" तर अंदाजपत्रकाकडे. एका दिवसाने सारे ठरणार नाही. पण दोन-तीन ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा आला, तर ती तुमची वाट समजा.

अशा एका प्रश्नाचा पाठपुरावा माणसाला कोठवर नेतो पाहा. ढाक्यात १९२९ साली जन्मलेले फझलूर रहमान खान यांनी उंच इमारतीने वारा कसा पेलावा या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. इमारत आतून पोकळ नळीप्रमाणे उभी करायची आणि वाऱ्याचा जोर बाहेरच्या खांबांनी झेलायचा, ही पद्धत त्यांनी रूढ केली. शिकागोचा ११० मजली सिअर्स टॉवर याच विचारातून उभा राहिला. जिद्दाच्या विमानतळावरील हज टर्मिनलचे तंबूसारखे छतही त्यांच्या कामांपैकीच. आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी त्या छताखाली बसूनही आली असतील.

मुलींच्या पालकांनाही एक विनंती. "साइटवर मुलीचे काय काम?" असे म्हणून हा विषय बंद करू नका. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पूल बांधण्याची नवी पद्धत शोधली. शिवाय डिझाइन, अंदाजपत्रक, पाण्याची तपासणी ही कामे बहुतांशी कचेरीत वा प्रयोगशाळेतच चालतात.

आता मार्ग. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, आणि त्यानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञान व सीईटी देऊन चार वर्षांची पदवी घेता येते. नकाशे काढण्याची आवड असेल तर आय.टी.आय.चा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा अभ्यासक्रम आहे. ज्या घराला लवकर मिळकतीची गरज आहे त्याने डिप्लोम्याचा विचार अवश्य करावा. त्यात कमीपणा नाही आणि पुढचा दरवाजाही बंद होत नाही. ज्याला स्ट्रक्चरमध्ये खोल जायचे आहे त्याने मात्र पदवी, आणि जमल्यास त्यापुढचे शिक्षण, मनात धरावे.

पालकहो, शेजाऱ्याचा मुलगा काय झाला हे विचारण्याआधी आपला मुलगा, आपली मुलगी कशात रमते हे विचारा. पगार कालांतराने वाढतो, पण नावडत्या कामात घातलेली वर्षे परत मिळत नाहीत. पाया खोदण्यापूर्वी जमीन तपासावी लागते. मुलांच्या बाबतीतही तेवढी सबुरी आपण ठेवू या.