हस्तव्यवसायाच्या तासाला जहाजाची प्रतिकृती



शिरवळ नीरेच्या काठी वसलेले; समुद्र येथून दूर, घाटापलीकडे. ज्या मुलाने जहाज पाहिलेले नाही त्याच्याकडून ते करवून घ्यावयाचे, तर नमुना खराच निवडावा. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ब्रिटिश आरमारासाठी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमली’ १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे. वाडिया घराण्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे गेली.

हे जहाज सुमारे ४६ मीटर लांब व १२ मीटर रुंद. दोनशे पटींनी लहान केले की ते २३ सेंटीमीटर लांब व ६ सेंटीमीटर रुंद होते. प्रमाणाचे गणित असे हाती लागते. पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ असते. गटातील एकाने ते तासावे, दुसऱ्याने पॉलिशपेपरने घासावे, तिसऱ्याने डोलकाठ्यांना दोरे बांधावेत.

नाळ वाकडी झाली की मूल काम टाकून देते. शिक्षकाच्या कसोटीची वेळ हीच. नुसते ‘छान’ म्हणून पुढे जाणे हे उत्तेजन नव्हे. ‘डावी बाजू नेमकी उतरली आहे, उजवी तिच्याशी ताडून पाहा,’ असे सांगितले की हात पुन्हा कानशीकडे वळतो. अपुरे काम सर्वांपुढे ठेवण्याचा संकोच जावा. ज्याला साधले त्याने शेजाऱ्यास दाखवावे. प्रदर्शनातील एका सुबक जहाजापेक्षा, कोणीही अर्धवट न सोडलेली साधी जहाजे हीच शाळेची खरी कमाई होय.