चुंबकाचा उपचार आणि मनातलं बोलणं
(पिंपळगाव राजा येथे बचत गटांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गटातली एखादी बाई दोन-तीन सभांना येत नाही. हप्ता थकतो. घरचे म्हणतात, "तिले बाहेरचं लागलं." पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, "मी नसलेली बरी" असं वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

पहिला उपचार गोळ्यांचा. दुसरा बोलण्याचा, म्हणजे समुपदेशन. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत साध्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी सहा ते आठ बैठका घेतल्या आणि रुग्णांना फरक पडला. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

तिसरा उपचार मोठ्या शहरांत मिळतो. डोक्याला बाहेरून चुंबकाची गुंडाळी लावून मेंदूला चालना देतात. भूल लागत नाही, बाई जागीच असते. आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार ते सहा आठवडे जावं लागतं. हा 'शॉक' नव्हे. आणि शॉकसुद्धा २०१७ च्या कायद्यानुसार भूल दिल्याशिवाय देता येत नाही.

यंत्र आणि समुपदेशन दोन्ही एकत्र दिलं तर? डॉक्टरांचा विचार असा, की यंत्रानं जमीन भुसभुशीत करायची अन् बोलण्यानं पेरायचं. पण जर्मनीत सौम्य वीज आणि समुपदेशन एकत्र देऊन पाहिलं, तेव्हा नुसत्या समुपदेशनापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. चुंबकाचा उपचार बहुतेक वेळा गोळ्यांनी गुण आला नाही तर देतात. म्हणून कुणी यंत्राचं नाव घेतलं की लगेच कर्ज काढू नका. आधी सरकारी मानसोपचार डॉक्टरांना विचारा. फेफरं येत असेल, डोक्यात धातू बसवला असेल तर सांगा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

आपल्या विदर्भात 'विश्राम' प्रकल्पानं गावोगावी या आजाराबद्दल बोलणं सुरू केलं. आधी नैराश्याच्या शंभर माणसांतले जेमतेम चार जण मदत घ्यायचे. दीड वर्षात ते सत्तावीस झाले.

टेलि-मानसचा नंबर १४४१६ वहीत लिहून घ्या. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जी मरणाची भाषा बोलते तिला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

सभेला कुणी आलं नाही तर दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या.