राजीखुशीची संमती

जुलै २०२० मध्ये पेडणे तालुक्यातील धारगळचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. कोरोनाच्या साथीवर हैदराबाद येथे तयार झालेल्या ‘कोव्हॅक्सिन’ या लसीची माणसांवरील पहिली चाचणी घेण्यासाठी देशातील ज्या बारा संस्था निवडण्यात आल्या, त्यांत दिल्ली, पाटणा, नागपूर, बेळगाव अशा शहरांतील रुग्णालयांच्या पंक्तीला धारगळच्या ओशालबाग येथील रेडकर रुग्णालय होते. लस टोचून घ्यावयाची होती ती अठरा ते पंचावन्न वर्षे वयाच्या निरोगी माणसांनी, आणि तीही आपण होऊन.

‘माणसावर प्रयोग’ हे शब्द कानी पडताच कोणाच्याही मनात शंका उभी राहते. ती शंका अडाणीपणाची नव्हे. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

१८९७ च्या जानेवारीत मुंबई प्लेगने हवालदिल झाली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आलेला ताप सोसला आणि मगच ती इतरांपुढे ठेवली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांतून काही जण पुढे आले. हाफकिन यांचे धैर्य निर्विवाद. परंतु गजांआड असलेल्या माणसाची राजीखुशी कितपत राजीची आणि कितपत खुशीची, हा प्रश्न आज विचारल्यावाचून राहवत नाही.

त्याच वर्षी ही लस दमणला पोचली. दमण तेव्हा गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली होते. तेथील नोंदीप्रमाणे टोचून घेतलेल्या २,१९७ माणसांपैकी ३६ दगावली. न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. शेकड्याचा हिशेब केला तर एका बाजूला दोनांहूनही कमी आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ पंचवीस. आकडे बोलके आहेत खरे. परंतु ते सर्वच काही बोलत नाहीत. ज्यांनी टोचून घेतले ते अधिक सावध, अधिक सधन, उंदरांपासून अधिक दूर राहणारे असतील तर? मग वाचविले कोणी, लसीने की राहणीने? माणसे आपल्या मर्जीने दोन गटांत विभागली गेली, की या प्रश्नाचे चोख उत्तर मिळत नाही.

हे उत्तर मिळविण्याचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची जी चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १०७ रुग्णांपैकी कोणाला औषध द्यावयाचे आणि कोणाला केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या इच्छेवर न सोडता बंद लिफाफ्यांवर सोपविले होते. त्या चाचणीने शास्त्राला निःपक्षपाती तराजू दिला. मात्र आपण अशा चाचणीत आहोत हे त्या रुग्णांना सांगण्यातच आले नव्हते. तराजू खरा झाला. पण ज्याला त्यात बसविले त्याला विचारलेच नाही! नाझी डॉक्टरांच्या क्रौर्याचा न्याय करताना १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे जी संहिता मांडली गेली, तिचे पहिले कलमच मुळी माणसाच्या स्वेच्छासंमतीचे आहे. १९६४ मध्ये जगातील डॉक्टरांनी हेलसिंकी येथे आपल्यासाठी आचारनियम घालून घेतले. तराजू आणि संमती ही दोन्ही अंगे एकत्र आली, तेव्हा आजची चाचणी घडली.

धारगळसह देशातील अकरा रुग्णालयांत मिळून ३७५ स्वयंसेवक त्या पहिल्या चाचणीत सामील झाले. चौदा दिवसांच्या अंतराने दोन टोचण्या. त्यांपैकी ७५ जणांना, म्हणजे पाचांतील एकाला, लस दिलेलीच नव्हती. केवळ तिच्यातील पूरक द्रव्य दिले होते. आपल्या दंडात काय गेले हे टोचून घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि टोचणाऱ्यालाही नव्हते. लस किती गुणकारी, हे पाहण्याआधी ती निर्धोक आहे की नाही आणि शरीर तिला प्रतिसाद देते की नाही, एवढेच या पायरीवर पाहावयाचे असते. आजार किती टळतो हे ठरविण्यासाठी पुढे २५,७९८ माणसांची मोठी चाचणी घ्यावी लागली, आणि ७७.८ टक्के हा तिचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभी १५ ऑगस्ट २०२० पर्यंत लस लोकांच्या हाती देण्याची भाषा सरकारी पत्रात होती. तिला शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, ती यासाठीच. भातशेतीत रोप लावल्या दिवशी कोणी कापणीची तारीख दवंडीने जाहीर करीत नाही.

येथे रुग्णाने एक भेद मनाशी पक्का धरावा. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. उपचारात डॉक्टर एका माणसाचे हित पाहतो. चाचणीत पुढे येणाऱ्या हजारोंसाठी ज्ञान मिळवावयाचे असते. त्यातून स्वतःचा लाभ होईल अथवा होणारही नाही.

कायद्याने या बाबतीत स्वयंसेवकाला पुष्कळ आधार दिला आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सभासद असावेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा असा दंडक आहे. माहितीपत्रक माणसाला कळेल अशा भाषेत हवे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सर्व वेळ त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. संमतिपत्राची प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य आणि भरपाईही. शिवाय कोणत्याही क्षणी, कारण न देता, ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार आहे. त्यापायी नेहमीच्या औषधोपचारात तसूभरही उणेपणा येता कामा नये.

तथापि कायद्याला एका गोष्टीचा बंदोबस्त करता येत नाही, आणि ती म्हणजे भीड. डिचोलीचा एखादा खाणकामगार किंवा पेडण्याची एखादी वृद्ध शेतकरीण बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जाते, तेव्हा समोरच्या डॉक्टरांविषयी तिच्या मनात आदर असतो. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारी ती संस्था. तेथील डॉक्टरांना ‘नको’ कसे म्हणावयाचे? उद्या आपल्याकडे दुर्लक्ष झाले तर? अशा वेळी उमटलेला अंगठा कायद्याच्या दृष्टीने कदाचित संमती ठरेल. माणुसकीच्या दृष्टीने ती संमती नव्हे.

म्हणून डॉक्टरांनी कागद पुढे करून थांबू नये. तो मराठीत किंवा कोंकणीत, घरच्या माणसांसमक्ष समजावून सांगावा, रात्रभर विचार करण्यास सवड द्यावी आणि नकार आल्यास तितक्याच प्रसन्न मुद्रेने तो स्वीकारावा. रुग्णानेही संकोच सोडून विचारावे: हे औषध कशासाठी? धोका कोणता? न घेतले तर दुसरा उपचार कोणता? काही झाल्यास रात्री-अपरात्री कोणाला गाठावयाचे? उत्तरे पटली तर जरूर पुढे यावे. घरातील मुलांना आज जी लस सहजगत्या मिळते, तिच्यामागे कोणी अनोळखी माणसाने एके काळी आपला दंड पुढे केलेला असतो.

त्या माणसाचे ऋण मोठे आहे. परंतु ज्याला ‘नाही’ म्हणण्याची खरीखुरी मोकळीक होती, त्याच्याच ‘हो’ला दानाचे मोल येते. ती मोकळीक प्रत्येक खाटेपर्यंत पोचविणे, हे रुग्णालयाचे पहिले कर्तव्य होय.